हिमयुग आणि गांडूळ

सन १८३७ मध्ये यूरोपात दोन व्याख्याने झाली. पहिले २४ जुलै रोजी, स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे. व्याख्याते होते लुई आगासी. मत्स्यजीवाश्मांवर ते काही नवे सांगतील या अपेक्षेने शास्त्रज्ञमंडळी जमली होती. आगासींनी मात्र माशांचे नाव न घेता बर्फाची गोष्ट काढली. एके काळी यूरोपच्या मोठ्या भागावर बर्फाचे थर पसरले होते, आणि आल्प्स पर्वतापासून दूर पडलेल्या त्या प्रचंड शिळा पुराने नव्हे, बर्फाने वाहून आणल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभा नाराज झाली. दुसरे व्याख्यान त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे झाले. वक्ता २८ वर्षांचा, जगप्रवास करून नुकताच परतलेला; नाव चार्ल्स डार्विन; विषय गांडूळ. येथे सभा नाराज झाली नसावी, परंतु ज्वालामुखी आणि प्रवाळद्वीपे पाहून आलेल्या तरुणाने गांडुळावर निबंध वाचावा याचे नवल कित्येकांना वाटले असेल.

या दोन व्याख्यानांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नाही. आणखी दीडशे वर्षे ते कोणाच्या मनात आले नाही, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आज आम्हांस जी हकीकत सांगायची आहे ती या संबंधाची आहे. आम्ही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. इतिहासाचे वाचक या नात्याने आम्ही या विषयाकडे वळलो, आणि राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच हाही इतिहास उलथापालथींनी भरलेला आहे असे आम्हांस आढळून आले.

गांडूळ हा शब्द आपण फारशा आदराने वापरत नाही. कणा नसलेल्या माणसाला आपण गांडूळ म्हणतो, आणि दोन्हीकडे गोड बोलणाऱ्याला दुतोंडी गांडूळ. कोठे त्याला काडू म्हणतात, कोठे शिदोड, कोठे वाळा. पावसाची पहिली झड येऊन गेली की अंगणात ते दिसू लागते आणि मुले काडीने ते उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात, इतकाच आपला त्याच्याशी परिचय. शाळेच्या पुस्तकात मात्र एक वाक्य ठरलेले असते : गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे. हे वाक्य खोटे नाही. परंतु इतिहासात सहसा कोणी सर्वकाळ आणि सर्व ठिकाणी कोणाचा मित्र नसतो, आणि गांडुळालाही हाच न्याय लागू पडतो.

प्राणिशास्त्रात गांडूळ वलयी प्राण्यांच्या संघात मोडते. ज्यांचे शरीर एकामागून एक जोडलेल्या कड्यांचे बनलेले असते, ते सारे या कुळातले. जळू ही त्याची नातलग. समुद्राच्या वाळूत बिळे करणारे अनेक कृमीही त्याचेच भाऊबंद. गांडुळाला फुप्फुस नाही. ते ओल्या कातडीने श्वास घेते, म्हणून कातडी वाळली की त्याचा जीव जातो. ही एवढी गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण हवामानाशी असलेले त्याचे सारे नाते याच ओल्या कातडीवर उभे आहे.

आता डार्विनकडे वळू. बीगल जहाजावरून परत आल्यावर तो मेअर या गावी आपल्या मामाकडे गेला. मामाचे नाव जोसाया वेजवुड. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातला. मामाने त्याला एक शेत दाखविले. काही वर्षांपूर्वी तेथे चुना आणि कोळशाची खर पसरली होती. आता ती वरून दिसत नव्हती, हिरवळीखाली काही इंच खोल गेली होती. कोणी नांगरले नव्हते, कोणी पुरले नव्हते. हे गांडुळांचे काम असावे, अशी मामाची अटकळ होती. गांडुळे खालची माती खाऊन ती वर आणून टाकतात आणि वरच्या वस्तू हळूहळू खाली जातात. डार्विनने ती अटकळ उचलली आणि पुढे चव्वेचाळीस वर्षे सोडली नाही.

ही चिकाटी पाहण्यासारखी आहे. १८४२ च्या डिसेंबरात त्याने डाउन येथील आपल्या घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरले, आणि ते शेत तसेच राहू दिले. १८७१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे २९ वर्षांनी, तेथे चर खणला, तेव्हा खडूची पांढरी रेघ जमिनीखाली ७ इंचांवर सापडली. मध्यंतरी त्याचे जगाला हलविणारे ग्रंथ लिहून झाले होते, मुले मोठी झाली होती, स्वतः तो म्हातारा झाला होता. १८७७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तो स्टोनहेंजला गेला आणि पडलेल्या पुरातन शिळा जमिनीत किती खचल्या आहेत हे पाहून आला. घरी कुंड्यांतून गांडुळे पाळली होती. त्यांच्यापुढे शिटी वाजविली, मुलगा फ्रान्सिस याच्याकडून बसून नावाचे सुषिर वाद्य वाजवून घेतले, पत्नी एमा हिच्याकडून पियानो वाजवून घेतला, गांडुळे ढिम्म. परंतु कुंडी पियानोवर ठेवून एकच सूर दाबताच ती झटकन बिळात शिरली. यावरून ती बहिरी आहेत पण कंप त्यांना जाणवतो, असे त्याने ठरविले. कागदाचे त्रिकोण कापून, ते कोणत्या टोकाने बिळात ओढतात हेही त्याने मोजले.

ऑक्टोबर १८८१ मध्ये गांडुळांवरचे त्याचे पुस्तक निघाले. पुढच्या एप्रिलात तो वारला. त्या पुस्तकात त्याने हिशेब मांडला की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी दरवर्षी दहा टनांहून अधिक सुकी माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते. आपल्या श्रोत्यांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्या पुस्तकात हिंदुस्थानही आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून आणि निलगिरीतून त्याने गांडुळांच्या विष्ठेचे मनोऱ्यासारखे ढीग मागविले होते आणि त्यांची वजने घेतली होती. १८६९ साली फिश नावाच्या एका गृहस्थाने आक्षेप घेतला होता की एवढ्याशा दुबळ्या जिवाकडून एवढे मोठे काम कसे होईल. डार्विनचे उत्तर असे की, लहान कारण सतत घडत राहिले तर त्याची बेरीज किती होते हे माणसांना कळत नाही. आमच्या मते सबंध पुस्तकाचे सार याच उत्तरात आहे.

आणि येथूनच गांडुळाचे ग्रह पालटले. त्यापूर्वी सेलबर्नचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने १७७७ साली एका पत्रात गांडुळाची बाजू घेतली होती; गांडुळे नसतील तर जमीन थंड, घट्ट आणि वांझ होईल, असे त्याचे म्हणणे होते. परंतु एका खेड्यातल्या पाद्र्याचे कोण ऐकतो! बागवान त्याला कीड समजूनच मारीत. डार्विननंतर ते मित्र झाले, आणि यूरोपातल्या शेताबागांपुरते जे खरे होते ते सगळ्या जगाला खरे मानले गेले.

आता आगासींचे बर्फ. आगासी १८४६ मध्ये अमेरिकेला गेले आणि तेथेही त्यांना बर्फाच्या खुणा सर्वत्र दिसल्या. पुढे जे सिद्ध झाले ते त्यांच्या कल्पनेहून काही बाबतींत कमी आणि काही बाबतींत थक्क करणारे आहे. सुमारे वीस-एकवीस हजार वर्षांपूर्वी जवळजवळ सारा कॅनडा आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग बर्फाखाली होता. मध्यभागी या बर्फाची जाडी तीन किलोमीटरांच्या वर होती. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तशी दोन शिखरे एकावर एक ठेवली असती तरी त्यात बुडाली असती. हे ओझे जेथून सरकले तेथली माती खरवडून निघाली. त्या मातीत जर काही गांडुळे असतील तर ती नाहीशी झाली. बर्फाच्या सीमेच्या दक्षिणेला देशी गांडुळे शिल्लक राहिली, पण उत्तरेत एकही नाही.

बर्फ वितळले, त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. मग दक्षिणेतली गांडुळे उत्तरेकडे का सरकली नाहीत? त्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. जंगलात गांडुळांची आघाडी स्वतःच्या बळावर वर्षाला पाच ते दहा मीटर पुढे जाते. दहा हजार वर्षांत फार तर शंभर किलोमीटर. म्हणजे पुण्याहून निघून धड मुंबईलासुद्धा पोहोचायचे नाही. आणि बर्फाने मोकळी केलेली भूमी तर हजारो किलोमीटर पसरली होती. झाडांच्या बिया वाऱ्याने आणि पाखरांनी गेल्या, हरणे चालत गेली, माणसेही गेली. गांडूळ मागे राहिले.

अशा रीतीने मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, उत्तर न्यूयॉर्क या प्रदेशांत गांडुळाविना अरण्ये वाढली. गांडूळ नाही म्हणजे पाचोळा मातीत मिसळणारा कोणी नाही. शुगर मेपल, बासवुड यांची पाने वर्षानुवर्षे पडत राहिली, बुरशीने सावकाश कुजत राहिली, आणि जमिनीवर चार-चार इंचांचा मऊ, स्पंजासारखा थर साचला. झाडांचे बी त्या थरात रुजू लागले, कोवळी मुळे त्यातच पसरू लागली, रानफुले, सरडेवजा ओले सॅलमँडर, जमिनीवर घरटे करणारा ओव्हनबर्ड पक्षी, सगळ्यांचा संसार त्या थरावर उभा राहिला. एखाद्या गावात हजारो वर्षे उंदीरच नसावेत आणि लोकांनी धान्य उघड्यावर ठेवण्याची चाल पाडावी, तसा हा प्रकार झाला.

सतराव्या शतकापासून यूरोपीय लोक वसाहतीसाठी येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर गांडूळ आले. गलबत कलंडू नये म्हणून तळाशी भरलेली माती आणि धोंडे अमेरिकेच्या बंदरावर उतरविले जात, त्या मातीतून. फळझाडांची रोपे मुळांच्या गोळ्यासह येत, त्या गोळ्यांतून. पुढे गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून. आणि सर्वांत अधिक म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्या शौकिनांच्या डब्यांतून. मिनेसोटा हा तळ्यांचा प्रांत. सुट्टीच्या दिवशी माणूस गळ घेऊन तळ्यावर जाणार, गळाला गांडूळ लावणार आणि संध्याकाळी उरलेली गांडुळे, बिचारी जगोत, म्हणून काठावर सोडून येणार. भूतदयाच ती! या आमिषाचा व्यापारही मोठा आहे; कॅनडातील ऑन्टारिओच्या शेतांत रात्री दिवे घेऊन वेचलेली कोट्यवधी गांडुळे संयुक्त संस्थानांत विकली जातात. आज मिनेसोटाच्या भूमीत जी गांडुळे आढळतात ती सगळी बाहेरची आहेत. देशी असे एकही ठाऊक नाही.

शेतात आणि बागेत या पाहुण्यांचे स्वागतच झाले. जंगलात काय चालले आहे, याकडे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फार थोड्यांनी पाहिले. १९९० नंतरच्या दशकात मिनेसोटाच्या चिपेवा राष्ट्रीय अरण्यात सिंडी हेल, ली फ्रेलिक आणि त्यांचे सहकारी यांनी काम सुरू केले. त्यांना जंगलात अक्षरशः एक रेषा दिसली. रेषेच्या एका बाजूला जुना स्पंजासारखा थर, रानफुले आणि मेपलची कोवळी रोपे. दुसऱ्या बाजूला उघडी काळी माती, तुरळक गवतासारखी लव्हाळी आणि मोठमोठी झाडे, पण त्यांच्या पायाशी पोरे-नातवंडे नाहीत. ही रेषा म्हणजे गांडुळांची आघाडी, आणि ती दरवर्षी काही मीटर पुढे सरकत होती.

आक्रमणाला क्रमही होता. प्रथम पाचोळ्यात राहणारी बारीक जात येते. तिने फारसे बिघडत नाही. मग लम्ब्रिकस रुबेलस येते, आणि काही वर्षांच्या अवधीत तो सारा जुना थर खाऊन टाकते. शेवटी लम्ब्रिकस टेरेस्ट्रिस हे लांब गांडूळ येते; ते खोल बिळातून रात्री वर येऊन नवी पडलेली पानेही ओढून नेते, म्हणून थर पुन्हा साचत नाही. ज्यांचे गुणगान करीत डार्विनने पुस्तक लिहिले त्यांत हीच जात प्रमुख होती. केंट परगण्यात जिने माती घडविली तिनेच मिनेसोटात जंगलाचे अंथरूण काढून घेतले. प्राणी तोच, काम तेच. फरक इतकाच की एका ठिकाणची झाडे त्याच्या सोबतीने वाढलेली होती आणि दुसऱ्या ठिकाणच्या झाडांनी त्याचे तोंडही पाहिले नव्हते.

आता हवामानाचा प्रश्न. जगाच्या मातीत जितका कार्बन साठलेला आहे तितका वातावरण आणि सर्व वनस्पती मिळूनही नाही. पाचोळ्याचा तो थर म्हणजे कार्बनाची ठेव होती. गांडुळांनी ती मोडली. न्यूयॉर्कच्या जंगलांत मोजणी झाली तेव्हा, जेथे गांडुळे शिरली होती तेथे जमिनीच्या वरच्या थरांतील कार्बन चतुर्थांशाहून अधिक कमी झालेला आढळला. तो बव्हंशी कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला.

म्हणजे गांडूळ पृथ्वी तापवितो, असे म्हणायचे काय? या प्रश्नावर मोठा वाद आहे. २०१३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी जगभरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला : गांडुळे असलेल्या मातीतून कार्बन डायऑक्साइड ३३ टक्के अधिक निघतो आणि नायट्रस ऑक्साइड ४२ टक्के अधिक. हा दुसरा वायू लहानसहान नव्हे. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट आहे. मातीत कार्बन वाढल्याचा पुरावा मात्र त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी चिनी संशोधकांनी उलट बाजू मांडली. गांडुळाच्या पोटातून निघालेल्या मातीच्या घट्ट गोळ्यांत कार्बन कोंडला जातो. जितका वायू बाहेर पडतो त्यापेक्षा अधिक प्रमाणात कार्बन टिकाऊ होतो, म्हणून नुसता निघालेला वायू मोजून निकाल देऊ नये.

आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसते, आणि आमच्या मते भांडणाचे मूळ काळाच्या मापात आहे. पुष्कळ प्रयोग काही दिवस किंवा काही महिने चालतात. डार्विन खडूच्या तुकड्यांसाठी २९ वर्षे थांबला होता. गांडूळ नव्याने शिरते तेव्हा जुनी ठेव मोडून आधी मोठा खर्च करते. मग मातीच्या कणांत थोडे थोडे शिल्लक टाकू लागते. ज्या भूमीत ते हजारो वर्षे आहे तेथे हा जमाखर्च केव्हाच जुळलेला असतो. ज्या भूमीत ते कालच आले तेथे अजून खर्चाचीच बाजू चालू आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यांची चिंता याचसाठी. तेथील मातीत आणि पाचोळ्यात कार्बनाचा फार मोठा साठा आहे, आणि आल्बर्टा प्रांताच्या ईशान्य भागात २००९ च्या सुमारास केलेल्या अंदाजाप्रमाणे गांडुळांना राहण्याजोग्या जंगलापैकी ९ टक्के भाग त्यांनी व्यापला होता. पन्नास वर्षांत हा आकडा ४९ टक्क्यांवर जाईल, असे त्या अंदाजात म्हटले होते. आघाडी रस्त्यांच्या आणि मासेमारीच्या जागांच्या कडेने सरकते.

उलट बाजूही आहे. बदलते हवामान गांडुळाचे काय करते? २०१९ साली ५७ देशांतील सुमारे सात हजार ठिकाणच्या नोंदी एकत्र करून जगाचा गांडूळ-नकाशा प्रसिद्ध झाला. कोठे किती गांडुळे आणि किती जाती हे मातीच्या गुणांपेक्षा पाऊस आणि उष्णता यांवर अधिक अवलंबून असते, असे त्यातून निघाले. मिनेसोटात तर संशोधकांनी उघड्या जंगलात तापविण्याची यंत्रे लावून जमीन आणि झाडे सभोवतालापेक्षा सुमारे ३.४ अंशांनी गरम ठेवली. सर्वांना वाटत होते की थंडी कमी झाल्यावर गांडुळे माजतील. झाले उलटे. उष्णतेने माती वाळली आणि गांडुळे कमी झाली. पुन्हा ती ओली कातडी! उष्णतेबरोबर पाऊस आला तर त्याचा फायदा, दुष्काळ आला तर त्याचे मरण. पूर्व आशियातून आलेल्या अमिन्थस जातींची रीत आणखी वेगळी आहे. हात लावताच सापासारखी उसळणारी ही गांडुळे वरच्या मातीचा कॉफीच्या चोथ्यासारखा भुगा करतात. हिवाळ्याच्या पहिल्या कडाक्यात ती मरतात आणि त्यांचे कोश वसंतापर्यंत मातीत तग धरून राहतात. त्यांना मोठे व्हायला उन्हाळ्याचे काही महिने पुरतात. उत्तरेत उन्हाळा लांबला की तेवढाच त्यांचा मुलूख वाढतो.

आपण हे सारे परक्याचे म्हणून ऐकू नये. महाराष्ट्रात गांडूळखताचे जे खड्डे शेतोशेती झाले आहेत त्यांत सोडलेले गांडूळ बहुधा यूरोपातले आयसेनिया फेटिडा किंवा आफ्रिकेतले युड्रिलस असते. खड्ड्यात ते उत्तम काम करते, आणि खताबद्दल आमची काहीच तक्रार नाही. केरळातील रबराच्या मळ्यांत मात्र दक्षिण अमेरिकेतले पॉन्टोस्कोलेक्स इतके माजले आहे की देशी जाती शोधाव्या लागतात. सह्याद्रीत देशी गांडुळांच्या जाती पुष्कळ आहेत, त्यांतील कित्येक जगात अन्यत्र कोठेही नाहीत, आणि त्या ओल्या, सावलीच्या जंगलांतच टिकतात.

आता शेवटी एका चमत्कारिक नातलगाची हकीकत. बर्फाने गांडुळांचा संहार केला हे खरे; परंतु याच कुळातील एक जीव बर्फातच घर करून राहिला आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर म्यूर नावाची हिमनदी आहे. जॉर्ज फ्रेडरिक राइट हे भूगर्भशास्त्रज्ञ तिचे मोजमाप घेण्यास गेले होते. उत्तर अमेरिकेतील हिमयुगावर त्यांनी १८८९ साली मोठा ग्रंथ लिहिला; पुरातन बर्फ कसे वागले असेल हे जिवंत बर्फ पाहून ठरवावे, असा त्यांचा विचार होता. १८८७ सालच्या सुमारास त्या बर्फावर त्यांना इंचाहून आखूड, दोऱ्यासारखे काळे किडे वळवळताना दिसले. १८९८ साली एमेरी या इटालियन शास्त्रज्ञाने त्यांचे शास्त्रीय वर्णन केले आणि सोलिफुगस, म्हणजे सूर्याला पाहून पळणारा, असे नाव ठेवले. हे हिमकृमी दिवसा बर्फात दडतात, संध्याकाळी वर येऊन बर्फावरचे शेवाळ खातात. त्यांचे सारे आयुष्य शून्य अंशाच्या आसपास जाते. पाच अंशांच्या वर उष्णता गेली की त्यांचे शरीर आपोआप विरघळू लागते. अलास्कापासून ओरेगनपर्यंतच्या किनारी हिमनद्यांवर ते आढळतात, आणि उंचावर घरटी करणारे काही पक्षी त्यांच्यावर पिले पोसतात.

म्यूर हिमनदीची १९४१ आणि २००४ साली एकाच जागेवरून घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. पहिल्यात समोर बर्फाची भिंत आहे. दुसऱ्यात पाणी आहे आणि डोंगरांवर झुडपे उगवली आहेत. हिमनदी अकरा-बारा किलोमीटर मागे हटून चित्राबाहेर गेली आहे. हिमकृमी बर्फाबरोबर मागे हटतो, कारण दुसरीकडे जाण्याची त्याला सोय नाही. मागे मोकळी होणारी जमीन पुन्हा कोरी, बिनगांडुळाची आहे. तेथे रोपे जातील तशी माती जाईल, आणि मातीतून कोणते गांडूळ जाईल हे नेणाऱ्या माणसांवर अवलंबून राहील.